धर्म समाजाला बांधतो. पण कोणत्या अटीवर?

‘धर्म नसेल तर समाज टिकणार नाही’ असे एकजण म्हणतो, ‘धर्मामुळेच समाज फुटला’ असे दुसरा म्हणतो. चळवळीतल्या तरुणांच्या चर्चेत हा वाद हमखास निघतो. समाजशास्त्रात या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे विचार झाला आहे. त्यातले मुख्य सिद्धांत आणि याच प्रश्नाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर यांची ही ओळख.

दुर्खिम : पवित्र काय, हे समाज ठरवतो

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम (१८५८–१९१७) यांनी १९१२ मध्ये धर्माच्या प्राथमिक रूपांवर ग्रंथ लिहिला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींविषयी इतरांनी लिहून ठेवलेल्या वृत्तांतांवर तो आधारलेला आहे. तिथे प्रत्येक कुळाचे एक चिन्ह असे, बहुधा एखादा प्राणी किंवा वनस्पती. आपल्याकडच्या देवकाशी त्याचे साम्य आहे. दुर्खिम म्हणतात, लोक त्या चिन्हाला मान देतात तेव्हा नकळत आपल्या कुळालाच मान देत असतात. धर्माचा गाभा देव नसून पवित्र आणि लौकिक यांतला भेद आहे, आणि एखादी गोष्ट पवित्र ठरते ती समाजामुळे.

पंचशील ध्वजाचे कापड दुकानात मीटरवर मिळते. तेच विहारावर चढले की ते जमिनीला लागू नये म्हणून आपण जपतो. कापड बदललेले नसते, बदलते ते आपल्या सर्वांचे त्याच्याशी असलेले नाते.

धर्माची व्याख्या करताना दुर्खिम यांनी बौद्ध धम्माचेच उदाहरण घेतले, हे आपल्या तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. देवाला मध्यवर्ती स्थान नसलेली एवढी मोठी परंपरा असेल, तर ‘धर्म म्हणजे देवावरची श्रद्धा’ ही व्याख्या चुकीची ठरते. बौद्ध परंपरेत चार आर्यसत्ये आणि त्यांतून येणारे आचरण पवित्र आहे, असे त्यांनी मांडले.

धर्म बांधतो कसा, याचेही उत्तर ते देतात. लोक एकत्र येतात, एकच कृती एका सुरात करतात, तेव्हा एकट्या माणसात नसलेली ताकद निर्माण होते. तिला सामूहिक उत्साह म्हणतात. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, दीक्षाभूमीवरची गर्दी यांत आपण ती अनुभवतो. मात्र हा उत्साह ओसरतो, म्हणून समाजाला पुन्हा पुन्हा एकत्र यावे लागते.

टीकाकारांचे म्हणणे

कार्ल मार्क्स यांनी १८४४ मध्येच धर्माला अफूची उपमा दिली होती. त्याच लेखात धर्म हा पिचलेल्या माणसाचा उसासा आहे असेही ते म्हणतात, हे बरेचदा विसरले जाते. धर्म वेदना कमी करतो, पण वेदनेचे कारण तसेच ठेवतो, हा त्यांचा रोख.

मॅक्स वेबर यांनी भारतातील धर्मांवर लिहिताना कर्म आणि पुनर्जन्माच्या सिद्धांताकडे लक्ष वेधले. या जन्मी जातीचे काम निमूटपणे करा, पुढचा जन्म चांगला मिळेल, ही शिकवण जातिव्यवस्थेला आतून टेकू देते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये आणखी एक उणीव दाखवली : अनेक धर्मांच्या समाजात एका गटाला घट्ट बांधणारा धर्म दुसऱ्या गटाशी संघर्षही घडवतो. एखादी प्रथा कोणाच्या फायद्याची आणि कोणाच्या तोट्याची, हे विचारल्याशिवाय ‘धर्म उपयुक्त आहे’ म्हणता येत नाही.

गावगाडाही एकसंधच होता

आपल्याकडचा गावगाडा बघा. जत्रेत कोणाचा मान पहिला, वेशीची राखण कोणी करायची, मेलेले जनावर कोणी ओढायचे, सारे ठरलेले. एकात्मता होती, पण ती उतरंडीची होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन ती उतरंड नाकारली. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र घालून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. दुर्खिम यांनी सांगितलेले सगळे घटक इथे हजर आहेत : पवित्राची कल्पना, विधी, एकत्र आलेला गट. गट मजबूत झालाही, पण तो माणसांना बाहेर ठेवून.

बाबासाहेबांचे उत्तर

१९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की धर्म ही वैयक्तिक बाब मानली जाते, धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की गरज आली.

पुढे ते नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतात. नीती चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांत असते, जातीतही असते. पण ती आपल्या गटापुरती असते आणि गटाचे हित राखते, म्हणून ती समाजविरोधी ठरते. यावर उपाय एकच : नीती पवित्र असली पाहिजे आणि ती सर्वांना सारखी लागू असली पाहिजे. दुर्खिम पवित्र गोष्ट समाजाला कशी बांधते ते सांगतात, तर बाबासाहेब कोणती गोष्ट पवित्र मानावी ते सांगतात. ती गोष्ट म्हणजे नीती, आणि नीतीचेच दुसरे नाव बंधुता.

ही कसोटी आपल्यालाही

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. संख्या एका राज्यात एकवटलेली असताना धम्म ही एका जातीची ओळख बनण्याचा धोका खरा आहे. म्हणून काही प्रश्न स्वतःला विचारायला हवेत. सोयरीक जुळवताना आपण पोटजात विचारतो का? विहाराच्या समितीत महिला निर्णय घेतात, की फक्त खीरदानाच्या तयारीला बोलावल्या जातात? शेजारच्या पारधी किंवा मातंग वस्तीवर अन्याय झाला, तर आपले मंडळ पोलीस ठाण्यात जाते का?

या प्रश्नांची उत्तरे मिरवणुकीत किती लोक जमले यावरून मिळत नाहीत. जमलेला उत्साह टिकवायचा असेल, तर वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते त्याच ठिकाणी, त्याच लोकांसमोर, हे तीन प्रश्न चर्चेला ठेवावेत. पहिल्या बैठकीत वाद होतील, काही जण नाराज होतील. तरीही दुसरी बैठक घ्यावी.