चोरिस : गोव्याच्या पावसाळ्याने घडवलेले सॉसेज

मांसाचे तुकडे अथवा खिमा मीठ-मसाल्यासह जनावराच्या स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून जो पदार्थ तयार होतो त्याला सॉसेज म्हणतात, आणि तो टिकवण्याच्या रीतीवरून त्याचे ताजे, आधी शिजवलेले, धुरावलेले आणि सलामीसारखे मुरवून वाळवलेले असे प्रकार पडतात. मराठी मुलखाच्या शेजारी या परंपरेची ठळक शाखा गोव्यात आढळते. तेथे डुकराच्या मांसाच्या या पदार्थाला चोरिस म्हणतात.

1510 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीजांचे ‘शोरिसु’ हे सॉसेज येथे आले, तरी ते मूळ रूपात टिकणे शक्य नव्हते. पोर्तुगालमध्ये डुक्कर कापण्याचा हंगाम हिवाळ्याचा असे, कारण थंडीमुळे मांस नासत नसे. ते वाइन व लसणीत मुरवून चुलीवरच्या धुरात सुकवले जाई. गोव्यात ना तशी थंडी होती, ना द्राक्षमळे. म्हणून वाइनची जागा माडाच्या सुरीपासून केलेल्या शिरक्याने घेतली. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर, म्हणजे कोकणातल्या भंडाऱ्यासारखाच कसबी, नसता तर हे सॉसेज जन्मालाच आले नसते. तिखटपणा व लाल रंग देणारी मिरची पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली, तर मिरी, दालचिनी, लवंग, हळद हे जिन्नस या भूमीच्या परिचयाचे.

चोरिसासाठी मांसाचा खिमा करत नाहीत. चरबीसह त्याचे लहान तुकडे करून त्यांना जाडे मीठ चोळतात, वर वजन ठेवून पाणी निथळू देतात, मग ते उन्हात सुकवून शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात काही दिवस मुरवतात. नंतर ते आतड्यात ठासून भरतात, ठरावीक अंतरावर दोऱ्याने आवळून माळा करतात आणि त्या उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगतात. मिठाने व उन्हाने मांसातील ओलावा घटतो आणि शिरक्याच्या आंबटपणामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. उन्हाशिवाय हे जमत नसल्यामुळे हे काम पावसाळ्यापूर्वी उरकणे भागच असे. पावसाळ्यासाठीच्या या साठवणीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, आणि त्यात सुक्या मासळीसोबत चोरिसालाही स्थान असते.  

या खाद्याला धर्माचीही एक कठोर बाजू होती. 1560 ते 1812 या काळात, मधला थोडा खंड वगळता, गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन चालले; अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास 1961 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. 1736 च्या फर्मानाने तर हिंदू रीतीप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्यासही ख्रिस्ती झालेल्यांना मनाई केली होती. ताटावरून श्रद्धा पारखली जाण्याच्या त्या काळात, डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या घरांतून आलेल्यांसाठी ते खाणे ही केवळ रुचीची बाब राहिली नसावी. पुढे मात्र त्याच कुटुंबांच्या वंशजांनी चोरिस मनापासून आपले केले. कांदा-बटाट्याबरोबर ते शिजवताना वेगळे तेल लागत नाही, कारण आतली चरबीच वितळून मसाला सोडते. पावात भरून किंवा पुलावात घालूनही ते खातात.

आज रेंदेरांची संख्या घटली आहे आणि सुरीच्या शिरक्याऐवजी कारखान्यातला स्वस्त शिरका वापरणारेही आहेत. या बदलाने चोरिसाची चवच नव्हे, तर माड आणि मांस यांना जोडणारा जुना व्यवहारही क्षीण होत चालला आहे.