तळटीप: बंगळूर छावणीतील चर्च आणि सरकारी तिजोरी
सरकारी पैसा पंथांच्या अनुयायीसंख्येप्रमाणे वाटला जाई, हे मूळ लेखकाचे विधान टिकत नाही. बंगळूर छावणीत अँग्लिकनांचे सेंट मार्क्स होते, १८६६ मध्ये स्कॉटिश प्रेसबिटेरियनांचे सेंट अँड्र्यूजही खुले झाले. १८३३ च्या सनदी कायद्याने अँग्लिकन बिशपांना आणि प्रत्येक इलाख्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या दोन पाद्र्यांना हिंदी महसुलातून वेतनाची हमी दिली. कॅथलिकांसह इतरांना मदत करणे सरकारच्या मर्जीवर सोडले. हा खर्च गोऱ्या सैनिकांच्या उपासनेसाठी होता, असा बचाव करतात. पण त्या पलटणींत आयरिश कॅथलिकही पुष्कळ होते. शिवाय, आणि मला हा अन्याय अधिक मोठा वाटतो, सारा भरणाऱ्या रयतेला कोणी विचारलेच नाही. (संपादक)