झोपताना हातातला मोबाईल सुटत नाही? आधी चार्जरची जागा बदला

लाईट बंद, पांघरूण अंगावर आणि ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून उघडलेले रील्स. घड्याळ बघितलं तर पावणेदोन! सकाळची लोकल काही आपल्यासाठी थांबत नाही.

बरेच जण नाईट लाईट लावून स्क्रीन पिवळी करतात आणि समजतात, झालं काम. रात्रीच्या प्रकाशामुळे मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित हार्मोन कमी तयार होतं, हे खरं. पण अमेरिकेतल्या ब्रिघम यंग विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात आयफोनचं नाईट शिफ्ट वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या तरुणांच्या झोपेत एकूण फारसा फरक दिसला नाही. स्क्रीन पिवळी झाली तरी कमेंटमधली भांडणं तीच राहतात ना!

खरी गोची आहे न संपणाऱ्या फीडची. पूर्वी वेबसाईटच्या तळाशी ‘पुढचे पान’ असं बटण असायचं, तिथे बोट जरा थांबायचं. २००६ च्या सुमारास अझा रास्किन या डिझायनरने इन्फिनिट स्क्रोल तयार केलं (नंतर त्याला त्याचा पश्चात्तापही झाला) आणि ते बटण हळूहळू गेलं. तुम्ही तळाशी पोचायच्या आतच ॲप पुढच्या पोस्ट सर्व्हरकडून मागवून ठेवतं. आम्ही डेव्हलपर मंडळी तसाच कोड लिहितो. त्यामुळे ‘हे संपलं की झोपतो’ हा बेत फसणारच.

म्हणून थांबायची जागा फोनच्या बाहेर हवी. चार्जर उशीजवळच्या सॉकेटमधून काढा आणि पलंगावरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी लावा. हॉस्टेलवर किंवा एका खोलीच्या घरात असाल तर दाराजवळचा सॉकेट चालेल. उशीखाली चार्जिंग तर नकोच, फोन तापतो. ‘पण अलार्म?’ तो लांबूनही ऐकू येतो, आणि बंद करायला उठावंच लागतं. फोन खोलीबाहेर ठेवायचा असेल तर सेलवरचं साधं गजराचं घड्याळ घ्या.

‘रात्री घरून फोन आला तर?’ ही काळजी रास्त आहे. डू नॉट डिस्टर्बमध्ये आई-बाबांचे नंबर अपवाद म्हणून टाका, रिंग मोठी ठेवा. वारंवार येणाऱ्या कॉल्सची परवानगीही चालू करा. मग त्याच नंबरवरून अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, तर आयफोनवर ३ मिनिटांत दुसरा कॉल आला, तर रिंग वाजते. फोन सायलेंटवर मात्र टाकू नका. हे सेट करून मित्राकडून एकदा कॉल लावून बघा.

आता सेटिंग्ज. ॲप टायमर लावणाऱ्यांनो, एक मेख आहे: तो रात्री १२ वाजता शून्यावर येतो! म्हणजे ऐन वेळी इन्स्टाग्राम पुन्हा खुलं. त्यापेक्षा अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड वेळ ठरवून लावा आणि त्यातला ग्रेस्केल चालू करा. स्क्रीन काळी-पांढरी झाली की रील्सची मजा बरीच उतरते. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये डाउनटाइम आहे, पण ‘दुर्लक्ष करा’ हे बटण एका टॅपवर असतं. म्हणून माझ्या मते चार्जरच जास्त कामाचा.

सुरुवातीचे काही दिवस हात आपोआप उशीकडे जाईल. तिथे एखादं कागदी पुस्तक ठेवा, कंटाळवाणं असलं तरी चालेल.