कसाब जिवंत सापडला म्हणून काय बदललं? साताऱ्याचे तुकाराम ओंबळे आणि २१ ऑगस्टचा अर्थ

२६ नोव्हेंबर आला की आपल्या फीडवर मेणबत्त्या आणि तुकाराम ओंबळे यांचे फोटो दिसतात. २१ ऑगस्टला मात्र फारसं काही दिसत नाही. खरं तर दहशतवादाला बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस २१ ऑगस्ट हाच आहे. या दोन तारखांचा संबंध काय, आणि त्यात सातारा-सांगली कुठे येतात? समजून घेऊ.

२१ ऑगस्ट हा दिवस कधीपासून?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव केला आणि २०१८ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. हल्ला झाला की काही दिवस सगळ्यांचं लक्ष असतं, मग जखमी आणि मृतांची कुटुंबं एकटी पडतात. त्यांना श्रद्धांजलीसोबत न्याय, मदत आणि हक्क मिळावेत, हा यामागचा विचार आहे.

तुकाराम ओंबळे कोण होते?

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी सैन्यात, मग मुंबई पोलीस दलात. २००८ मध्ये ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते.

२६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत पोलिसांनी दोन हल्लेखोरांची गाडी अडवली. ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला पकडलं. दुसरा हल्लेखोर मारला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

त्याच रात्री ताज हॉटेलमध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह शिरलेले पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील हे सांगली जिल्ह्यातल्या कोकरूडचे (शिराळा तालुका).

एक हल्लेखोर जिवंत सापडल्याने काय झालं?

हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला. हल्लेखोर दहा होते, त्यातले नऊ मारले गेले. त्यांच्याकडे भारतीय नावांची खोटी ओळखपत्रं होती. दहाही जण मेले असते, तर ते कुठून आले यावर वाद घालायला बराच वाव राहिला असता. कसाब जिवंत होता, म्हणून पुढच्या गोष्टी घडल्या:

- ७ जानेवारी २००९: कसाब आपलाच नागरिक असल्याचं पाकिस्तानने मान्य केलं.
- फेब्रुवारी २००९: कटाचा काही भाग पाकिस्तानात रचला गेल्याचंही त्या सरकारने कबूल केलं.
- मे २०१०: मुंबईच्या विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवून फाशी सुनावली.
- ऑगस्ट २०१२: सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.
- २१ नोव्हेंबर २०१२: पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी.

हा खटला खुल्या न्यायालयात चालला. आरोपीला वकील मिळाला. जखमींनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी साक्षी दिल्या. बळींचं म्हणणं कायमचं नोंदलं गेलं, ते इथेच.

मग इतर देशांची मदत कुठे लागते?

कसाब हा बंदूक चालवणारा होता. मुंबईत आधी येऊन ठिकाणांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली सापडला २००९ मध्ये, शिकागोत. अमेरिकी न्यायालयाने २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. २०१६ मध्ये त्याने व्हिडिओ लिंकवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. त्याचा साथीदार असल्याचा आरोप असलेला तहव्वुर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. म्हणजे हल्ल्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने.

दुसरी बाजूही आहे. पाकिस्तानातला या कटाचा खटला निकालापर्यंत गेलेला नाही. दहशतवादाविरोधात सर्वंकष आंतरराष्ट्रीय करार व्हावा, असा प्रस्ताव भारताने १९९६ मध्येच मांडला. दहशतवादाची व्याख्या काय, यावर देशांचं एकमत होत नसल्याने तो अडकून आहे.

तरीही काही पावलं पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक ताज हॉटेलमध्येच झाली आणि तिथे हल्ल्यातून वाचलेल्यांनी आपले अनुभव सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. सुरक्षा परिषदेने या हल्ल्याचा निषेध केला, तर अमेरिकेने जुलैमध्ये ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला दहशतवादी संघटना घोषित केलं.

पीडित कुटुंबांना सरकारी मदत मिळते का?

हो. सामान्य नागरिकांसाठी केंद्र सरकारची योजना २००८ पासून आहे. मृत्यू झाल्यास किंवा ५० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आल्यास मदत मिळते. ही रक्कम आधी ३ लाख रुपये होती, २०१६ मध्ये ५ लाख झाली. प्रकरणाची छाननी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते.

ओंबळे यांची आठवण आज कुठे आहे?

गिरगाव चौपाटीजवळ त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला ‘आयशियस तुकारामी’ असं नाव दिलं. केडंब्यातल्या स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १३.४६ कोटी रुपयांना मंजुरी दिली.

ओंबळे, करकरे, कामटे, साळसकर ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण एकट्या सीएसएमटी स्थानकात ५० हून अधिक माणसं मारली गेली. त्यातले बहुतेक गाडीची वाट पाहणारे साधे प्रवासी होते. त्यातलं एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का? २१ ऑगस्ट हा दिवस त्यांचा आहे. त्या दिवशी पोस्ट टाकणार असाल, तर रक्ताचे, मृतदेहांचे फोटो टाळा. घरच्यांना ते दरवर्षी नव्याने बघावे लागतात.