रक्तकर्करोग : उपचारांसाठी परदेशगमन

रक्ताचा, अस्थिमज्जेचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या रुग्णाने आपल्या देशात न मिळणाऱ्या, न परवडणाऱ्या किंवा भरवशाच्या न वाटणाऱ्या उपचारांसाठी दुसऱ्या देशात जाणे. ल्युकेमिया, लिंफोमा आणि मल्टिपल मायलोमा हे यातले मुख्य आजार. इतर कर्करोगांत रुग्ण पुष्कळदा एखाद्या शल्यविशारदाची ख्याती ऐकून निघतो. रक्तकर्करोगात सहसा कापून काढण्याजोगे काही नसते. म्हणून हा प्रवास होतो तो अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी, नव्या औषधासाठी किंवा अलीकडच्या पेशी-उपचारासाठी.

प्रवासाची वेळ. कुठे जायचे याची चर्चा घरोघरी होते. कधी निघायचे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असतो आणि तो मागे राहतो. तीव्र ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा व्हिसाची वाट पाहायला सवड नसते. त्याच्या प्रोमायलोसायटिक प्रकारात तर पहिल्या काही दिवसांतच मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. नुसता संशय आला तरी अंतिम अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते. अशा रुग्णाला विमानात बसवणे धोक्याचे असते. प्रवासी विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो. हिमोग्लोबिन उतरलेल्या माणसाला तिथे धाप लागते, प्लेटलेट पडलेल्याला रक्तस्रावाची भीती असते आणि पांढऱ्या पेशी घटलेल्याला शेजारच्या प्रवाशाचा खोकलाही महागात पडतो.

त्यामुळे रीत अशी, की पहिली केमोथेरपी घरच्या गावी किंवा जवळच्या मोठ्या शहरात घ्यायची, रोग आटोक्यात आला की निघायचे आणि प्रत्यारोपण परदेशात करून घ्यायचे. ही फट काही आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची असते. रोग उलटला तर तिकिटे, व्हिसा, राहण्याची सोय सगळे जुळूनही प्रत्यारोपण पुढे ढकलावे लागते. दीर्घकालीन ल्युकेमिया आणि मायलोमा यांत सहसा एवढी घाई नसते. तिथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन विचार करायला वेळ मिळतो. निघताना नुसती फाइल नेऊन भागत नाही. अस्थिमज्जेच्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, फ्लो सायटोमेट्री व गुणसूत्र-तपासणीचे अहवाल आणि आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाची मात्रा सोबत लागते. काही औषधांची आयुष्यभराची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती किती वापरली गेली, हे परक्या डॉक्टरला कागदावरूनच कळते.

इतिहास. या प्रवासाच्या मुळाशी असलेली घटना कर्करोगाची नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हिंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन सहा जणांना तीव्र किरणोत्सर्ग झाला. त्यांना विमानाने पॅरिसला नेण्यात आले. तिथे डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना नात्यात नसलेल्या फ्रेंच दात्यांची अस्थिमज्जा दिली, चौघे वाचले. दुसऱ्या देशातल्या, रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसाची मज्जा घेण्यासाठी केलेला हा आरंभीचा प्रवास. अमेरिकेत डॉ. ई. डॉनल टॉमस अस्थिमज्जा प्रत्यारोपणावर काम करत होते. सिएटलचे फ्रेड हचिन्सन केंद्र १९७५ मध्ये उघडल्यावर जगभरचे रुग्ण तिकडे जाऊ लागले. टॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गाजलेल्या उदाहरणांत सर्वांत दूरगामी ठरले ते इराणचे पदच्युत शहा मोहम्मद रझा पहलवी यांचे. त्यांच्या लिंफोमाचे निदान फ्रेंच डॉक्टरांनी १९७४ मध्ये केले होते आणि ते वर्षानुवर्षे गुप्त ठेवले गेले. पदच्युतीनंतर मेक्सिकोत असताना प्रकृती ढासळली आणि २२ ऑक्टोबर १९७९ रोजी ते उपचारांसाठी न्यूयॉर्कला आले. तेहरानमध्ये संतापाची लाट उसळली आणि ४ नोव्हेंबरला निदर्शकांनी अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला. ५२ ओलिसांची सुटका ४४४ दिवसांनी झाली. शहा न्यूयॉर्कहून टेक्सास, पनामा आणि अखेर इजिप्त असे फिरत राहिले व जुलै १९८० मध्ये कैरोत वारले. वैद्यकाच्या दृष्टीने या कहाणीतली खरी चूक लपवाछपवीची होती. आजार झाकण्यासाठी उपचार तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या देशांत आणि एकमेकांना पूर्ण माहिती नसलेल्या डॉक्टरांकडून झाले. सामान्य घरांतही असे घडते, फक्त त्याची बातमी होत नाही.

स्पॅनिश गायक होसे कारेरास यांना १९८७ मध्ये ल्युकेमिया झाला. बार्सिलोनात उपचार घेतल्यावर ते सिएटलला गेले. तिथे त्यांचीच मज्जा काढून, प्रक्रिया करून त्यांना परत देण्यात आली. बरे झाल्यावर १९८८ मध्ये त्यांनी ल्युकेमियासाठी प्रतिष्ठान स्थापले आणि १९९१ मध्ये त्यातून स्पेनची दाता-नोंदणी उभी राहिली. माजी सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या पत्नी राइसा यांना १९९९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील म्युन्स्टरला नेण्यात आले. बहिणीची मज्जा द्यायचे ठरले होते, पण त्याआधीच सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे सेंट पीटर्झबर्गमध्ये मुलांच्या रक्तरोगांसाठी आणि प्रत्यारोपणासाठी उभारलेल्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. मोठ्या माणसाच्या परदेशवारीवर देशात टीका होते, ती रास्तच असते. मात्र या दोन उदाहरणांत मायदेशाच्या पदरात काही पडले, हेही खरे. भारतात अभिनेते ऋषी कपूर यांनी २०१८-१९ मध्ये जवळपास वर्षभर न्यूयॉर्कला राहून ल्युकेमियावर उपचार घेतले. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

दाता. सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. घरात जुळणारा न मिळाल्यास नोंदणीत शोध घ्यावा लागतो. जगभरच्या नोंदण्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत, पण त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा आहे. त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी रुग्णालाही तिथल्या यादीत जुळणारा दाता सहज सापडतोच असे नाही. त्याचा शोध पुष्कळदा भारतातल्या नोंदण्यांपर्यंत येतो. चेन्नईची ‘दात्री’ ही त्यांपैकी एक, २००९ मध्ये स्थापन झालेली. इथे एक गैरसमज नोंदवायला हवा. दाता परदेशात आहे म्हणून रुग्णाने तिकडे जायची गरज नसते. दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी थंड पेटीत ठेवून माणसाच्या हाती विमानाने पाठवतात आणि साधारण ७२ तासांच्या आत रुग्णाला देतात. अर्ध्या जुळणाऱ्या आई-वडिलांची वा अपत्याची मज्जा वापरण्याची पद्धत रुळल्यापासून तर दात्यासाठी अडून राहणेही कमी झाले आहे.

उलटलेली दिशा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवानी यांनी १९८३ मध्ये भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. सिएटलला टॉमस यांचे काम त्यांनी पाहिले होते. १९८६ मध्ये वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजही या क्षेत्रात उतरले. आज बांगलादेश, नेपाळ, इराक आणि आफ्रिकेतील देशांतून रक्तकर्करोगाचे रुग्ण भारतात येतात. त्यांना वैद्यकीय व्हिसा आणि सोबतच्या नातेवाइकांना सहायक व्हिसा मिळतो. राजकारण बिघडले की ही वाट एकदम अरुंद होते. बांगलादेशातील ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर तिथल्या नागरिकांसाठी भारतीय व्हिसांची संख्या घटली आणि रुग्णांना त्याची झळ बसली.

औषधांनीही प्रवास वाचवला. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात एकेकाळी प्रत्यारोपण हाच बरे होण्याचा मार्ग होता. २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि बहुतेक रुग्णांचे काम गोळ्यांवर भागू लागले. नोव्हार्टिस कंपनीचा या औषधाच्या पेटंटचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. या एका निकालाने किती जणांचा परदेशी उपचारांचा खर्च वाचवला, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नवे आकर्षण आहे ते कार-टी पेशी-उपचाराचे. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांत जनुकीय बदल करून त्या परत देतात. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या अशा औषधाची जाहीर किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये होती. रुग्णालयाचे बिल वेगळे. आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली व एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याचा खर्च अमेरिकी औषधाच्या साधारण दशांश आहे. हा आकडाही बहुसंख्य घरांच्या आवाक्याबाहेरचाच.

मुक्काम. प्रत्यारोपणाचा प्रत्यक्ष दिवस शांत जातो, पिशवीतून रक्त चढवल्यासारखा. खरा काळ नंतरचा. पहिले शंभर दिवस रुग्णालयापासून जवळ राहावे लागते. ताप आला तर तासाभरात पोहोचता आले पाहिजे. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात आणि हा त्रास वर्षांनंतरही उद्भवतो. लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. म्हणून परदेशी केंद्र निवडताना घरी परतल्यावर कोणता रक्तरोगतज्ज्ञ रुग्णाला हाती घेणार, हे आधी ठरलेले असावे. ते न ठरवता निघालेली कुटुंबे परतल्यावर फार हाल सोसतात. भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला पगार, दात्या भावंडाचे तिकीट हे खर्च अंदाजपत्रकात सहसा नसतात. भारतातून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. रुग्णालयाचा अंदाज जोडल्यास उपचारासाठी त्याहून जास्त रक्कमही पाठवता येते. उलट, उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांचा आधार असतो. टाटा रुग्णालयाजवळ परळच्या पदपथांवर मुक्काम करणाऱ्या कुटुंबांची संख्या पाहता ती सोय पुरी पडत नाही.