‘केकावली’चा पाठनिर्णय

कविवर्य मोरोपंत पराडकर यांचा जन्म पन्हाळगडावर शके १६५१ (इ. स. १७२९) मध्यें झाला. तेथेंच केशव व गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांचें अध्ययन झालें. पुढें बारामतीस नाईकांच्या आश्रयास असतां उतारवयांत त्यांनीं ‘केकावलि’ रचिली. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघ पाहून मोर ओरडतो, तसा हा मयूरकवि घनश्याम प्रभूस आळवितो. नारदीय शिक्षेनें मयूरास षड्ज स्वर दिला आहे. तेव्हां ही केका केवळ नामश्लेष नव्हे. ती कानांनीं ऐकावयाची आहे.

पोथीसंग्राहकांस या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. पृथ्वीवृत्ताच्या चरणांत अक्षरें १७, यति आठव्यावर, आणि प्रत्येक अक्षराचें लघुगुरुत्व ठरलेलें. मोडी लिपींत मात्र इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद राहत नाहीं. त्या वळणाचा लेखक बालबोध पोथी उतरूं लागला कीं नेमका तेथेंच घसरतो. म्हणून पाठ निवडतांना पोथीचें वय पाहण्यापूर्वीं श्लोक मोठ्यानें म्हणावा. जो पाठ म्हणतांना अडखळतो, तो कितीही जुन्या पोथींतला असो, बहुधा पंतांचा नव्हे.