अपघाताची भरपाई आणि सरकारी अर्थसाहाय्य : तडजोडीवर सही करण्यापूर्वी

तुये औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात यंत्रावर काम करताना कामगाराच्या एका हाताची तीन बोटे तुटली, तर त्याच्या कुटुंबापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. भरपाई कोणाकडून मागायची, हा पहिला. ती मिळाल्यावर दिव्यांगांचे अर्थसाहाय्य वा घरातील अन्य योजनांचा लाभ बंद होईल का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या भीतीने काही जण भरपाईच मागत नाहीत, तर काही मिळालेली रक्कम लपवून ठेवतात. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

भरपाईचे दार एकच

दहा वा अधिक कामगारांच्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा कामगार सामान्यतः कर्मचारी राज्य विमा योजनेखाली, म्हणजेच ‘ईएसआय’खाली येतो. अशा कामगाराला कामावरील दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याला योजनेतूनच लाभ मिळतो. कायमचे अपंगत्व आले, तर वेतनाच्या ९० टक्क्यांच्या आधारे, गमावलेल्या अर्जनक्षमतेच्या प्रमाणात, दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते.

जो कामगार ईएसआयच्या कक्षेबाहेर आहे, त्याला १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा आधार होता. या कायद्याच्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. कामगार कंत्राटदाराचा असला, तरी तो मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकतो.

दुखापत रस्त्यावर वाहनाच्या अपघातात झाली असेल, तर मोटार अपघात दावा लवादाचा मार्ग खुला होतो. मात्र एकच अपघात मोटार वाहन कायदा आणि कर्मचारी भरपाई कायदा या दोहोंखाली बसत असेल, तर त्यांपैकी एकाखालीच दावा करता येतो.

रक्कम कशी ठरते

कायद्याच्या परिशिष्टानुसार एका हाताची तीन बोटे गमावणे म्हणजे ३० टक्के अर्जनक्षमता गमावणे. कामगाराचे वय ३० वर्षे आणि वेतन १५,००० रुपये धरले, तर वेतनाचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये होतात. त्या वयाच्या २०७.९८ या गुणकाने गुणून त्याचे ३० टक्के काढल्यास ५,६१,५४६ रुपये एकरकमी भरपाई होते. हाच कामगार ईएसआयखाली असेल, तर त्याला एकरकमी नव्हे, तर दरमहा सुमारे ४,०५० रुपये मिळतील.

तीन टक्केवारी, तीन अर्थ

भरपाईसाठीची टक्केवारी आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरील टक्केवारी एकच आहे, असा समज सर्रास आढळतो. पहिली अर्जनक्षमतेची असते, दुसरी शरीराच्या हानीची. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींसाठी २०१६ च्या कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, अशा अटी आहेत. तिसरी टक्केवारी मोटार अपघात लवाद ठरवतो. अपंगत्वाचा त्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष व्यवसायावर काय परिणाम झाला, हे त्याने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे ३० टक्क्यांची भरपाई मिळालेला कामगार दिव्यांगांच्या साहाय्यास अपात्र ठरू शकतो, आणि त्याचे कारण मिळालेला पैसा नसते.

मुद्दल आणि उत्पन्न

समाज कल्याण खात्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला उत्पन्नाची अट आहे, तसेच गोव्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचीही. गृह आधार योजनेत गृहिणीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी पती-पत्नीचे एकत्रित वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये. या अटी वार्षिक उत्पन्नाविषयी आहेत. एकदाच मिळालेली भरपाई हे गमावलेल्या क्षमतेचे मोल असते, दरवर्षीची कमाई नव्हे. मात्र ती बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याज हे उत्पन्नच होय. ईएसआयची मासिक रक्कमही दरवर्षी येत राहते, म्हणून तीही उत्पन्न सांगताना नमूद करावी.

वरील कुटुंबाचे उत्पन्न २,८०,००० रुपये असून भरपाई ७ टक्के व्याजाने ठेवली, असे समजू. वर्षाचे व्याज सुमारे ३९,३०८ रुपये होईल आणि एकूण उत्पन्न ३,१९,३०८ रुपयांवर जाईल. गृह आधारची मर्यादा ओलांडली जाईल आणि वर्षाचे १८,००० रुपये थांबतील. तरीही व्याज त्याहून अधिक आहे. म्हणजे भरपाई नाकारण्यात लाभ नाही. मात्र खरे उत्पन्न लपवून साहाय्य घेत राहिल्यास वसुलीची वेळ येऊ शकते.

उलट दिशेने पाहता, आयुर्विम्याची रक्कम मिळाली म्हणून मोटार अपघाताची भरपाई कमी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हेलन रिबेलो प्रकरणात सांगितले आहे.

सही करण्यापूर्वी

मालकाने स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असे लिहून घेतले, तरी कायद्याने दिलेला भरपाईचा हक्क अशा कराराने सोडता येत नाही. तडजोडीची नोंदणी कामगार भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, व्हावी लागते. नोंदणी नसेल, तर मालक पूर्ण भरपाईस जबाबदार राहतो आणि आधी दिलेल्या रकमेपैकी सामान्यतः निम्म्याहून अधिक वजा करू शकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. ती परस्पर वारसांच्या हाती दिल्यास भरपाई दिली असे मानले जात नाही.

कामावरील दुखापतीचा दावा दोन वर्षांच्या आत करावा. मोटार अपघातासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. गोव्याच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात आहे.

भरपाई हाती आल्यावर ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि निवाड्याची किंवा नोंदवलेल्या तडजोडीची प्रत व बँकेचा व्याजाचा दाखला जपून ठेवावा. उत्पन्नाचा दाखला काढताना मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवावे. पासबुकातील मोठ्या आकड्याबद्दल विचारणा झालीच, तर ते कमाईचे नव्हे, भरपाईचे पैसे आहेत, हे हीच कागदपत्रे सिद्ध करतात.